सेल्बर्नचं चर्च आणि त्याची शीव

इंग्लंडमध्ये जुन्या चर्चना तोटा नाही. एकट्या चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६ हजार चर्च आहेत आणि त्यातली बहुतेक इतकी जुनी, की त्यांची वीटही हलवायची तर परवानगी काढावी लागते. कुठल्याही आडरस्त्याला वळा, पाचेक मैलांत एक बुटका दगडी मनोरा, एक दफनभूमी आणि तिच्या कडेला काळपट हिरवं यूचं झाड दिसणारच. त्यामुळे लेकीकडे किंवा लेकाकडे सहा महिने राहायला आलेली मराठी मंडळी स्टोनहेंज, बाथ, ऑक्सफर्ड ही ठरलेली यादी उरकली की पुढे म्हणतात, ‘आता आणखी एक चर्च नको.’ त्यांचं चूक नाही. हँपशर परगण्यातलं सेल्बर्न गावचं सेंट मेरी चर्च निव्वळ इमारत म्हणून पाहिलं तर याच ‘आणखी एक’मध्ये मोडेल. त्याहून उंच, देखणी, नक्षीदार चर्च त्याच परगण्यात आहेत. तरीही त्याच्यावर आणि त्याच्या आसपासच्या दोन-तीन मैलांवर स्वतंत्र पुस्तिका लिहावीशी वाटली. त्याचं कारण सांगायला ही प्रस्तावना.

कारण थोडक्यात असं: हे चर्च आतून बाहेर नव्हे, बाहेरून आत पाहायचं आहे. पॅरिश म्हणजे चर्चच्या देखरेखीखाली येणारा मुलूख. आपल्याकडे गावाची शीव असते तशी पॅरिशची शीव असते. धर्मगुरूचं काम त्या शिवेच्या आतल्या माणसांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं पार पाडण्याचं. अठराव्या शतकात सेल्बर्नच्या एका धर्मगुरूने ही कामं केलीच. शिवाय शिवेच्या आतली पाखरं, उंदीर, गांडुळं, वटवाघळं, पाऊस, प्रतिध्वनी आणि एक कासव यांचीही नोंद ठेवली. त्याचं नाव गिल्बर्ट व्हाइट. त्याचं पुस्तक १७८९ सालचं. तेव्हापासून ते बाजारातून गेलेलं नाही.

सेल्बर्न लंडनच्या नैर्ऋत्येला साधारण ८० किलोमीटरवर आहे. वॉटर्लू स्थानकातून ऑल्टनपर्यंत गाडी आणि तिथून सात किलोमीटर रस्ता. गावाच्या एका अंगाला खडूच्या मातीची टेकडी भिंतीसारखी उठते. तिच्या उतारावर बीच झाडांचं रान आहे, त्याला तिथे ‘हँगर’ म्हणतात. टेकडीच्या पायथ्याशी गावाची एकच मुख्य गल्ली, गल्लीच्या एका बाजूला व्हाइटचं घर, समोर ‘प्लेस्टर’ नावाचं छोटं मोकळं मैदान आणि मैदानाच्या टोकाला चर्च. सगळं इतकं जवळजवळ की घाईचा माणूस अर्ध्या तासात पाहून परत फिरेल. बरेच जण फिरतातही.

चर्चचे आतले जाडजूड गोल खांब साधारण ११८० च्या सुमाराचे. आधीही इथे चर्च होतंच, १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत त्याचा उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकात त्याची मोठी दुरुस्ती झाली. ती करणारा वास्तुरचनाकार विल्यम व्हाइट हा गिल्बर्टच्या भावाच्या वंशातला. व्हिक्टोरियन दुरुस्त्यांनी जुन्या चर्चचं जे नुकसान केलं त्याबद्दल इंग्रज अभ्यासक अजून दातओठ खातात. इथे मात्र हात बराच आवरता घेतलेला दिसतो. वेदीवर तीन फळ्यांचं एक फ्लेमिश चित्र आहे, बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी पुरुषांचं. ते यान मोस्टार्टच्या नावावर सांगितलं जातं. खरं थांबायचं ते दक्षिणेकडच्या रंगीत काचेच्या खिडकीपाशी. असिसीचा सेंट फ्रान्सिस पाखरांना उपदेश करतो आहे हा ठरलेला विषय, पण इथली पाखरं चित्रकाराच्या मनातली नाहीत. व्हाइटच्या पुस्तकात जी येतात तीच खिडकीत जमली आहेत. व्हाइटच्या जन्माला दोनशे वर्षं झाली तेव्हा, १९२० मध्ये, ही खिडकी बसवली. संताच्या पायाशी पक्षी ओळखत उभं राहिलेलं माणूस चर्चमध्ये सहसा दिसत नाही. इथे दिसतं, आणि बऱ्याचदा त्याच्या गळ्यात दुर्बीणही असते.

आता व्हाइटबद्दल. तो १८ जुलै १७२० रोजी सेल्बर्नच्या व्हिकारच्या (मुख्य धर्मगुरूच्या) घरात, म्हणजे आजोबांच्या घरात जन्मला. आजोबांचंही नाव गिल्बर्टच. सत्तेचाळीस वर्षं ते इथे व्हिकार होते. नातू ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात शिकला, तिथला फेलो झाला, धर्मसेवेची दीक्षा घेतली. पण आजोबांच्या जागेवर तो कधीच बसू शकला नाही. सेल्बर्नचा तो फक्त क्युरेट, म्हणजे मुख्य धर्मगुरूचा बदली मदतनीस, तोही अधूनमधून. मधली वीसेक वर्षं तो शेजारच्या फॅरिंग्डन गावात क्युरेट होता आणि १७८४ पासून मरेपर्यंत पुन्हा सेल्बर्नला.

हे असं का, याचं उत्तर चर्चमागच्या दरीत मैलभर चालत गेलं की मिळतं. १२३३ मध्ये विंचेस्टरचा बिशप पीटर दे रोश याने तिथे ऑगस्टीनियन मठ स्थापन केला. मठाला जमिनी मिळाल्या, हक्क मिळाले, प्लेस्टरवर बाजार भरवायची परवानगी मिळाली आणि पुढच्या अडीचशे वर्षांत तिथल्या साधूंनी सगळ्याची वाट लावली. कर्ज, बेशिस्त, पडकी छपरं. शेवटी पंधराव्या शतकाच्या अखेरीस बिशप वेनफ्लीटने मठ मोडला आणि त्याची मालमत्ता आपण नव्यानेच काढलेल्या ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजला देऊन टाकली. त्या मालमत्तेबरोबर सेल्बर्नचा व्हिकार नेमण्याचा हक्कही गेला. मॉडलिन आपल्याच माणसाला नेमणार, हे उघड होतं. व्हाइट ओरिएलचा. मध्ययुगातल्या साधूंनी केलेल्या उधळपट्टीची किंमत अठराव्या शतकातल्या एका पक्षिवेड्याने मोजली ती अशी. मठाची जागा आज शेतघराखाली आहे, वर पाहण्याजोगं फारसं काही उरलेलं नाही. तरी लिथ नावाच्या त्या ओल्या, गर्द उतारावरून ओढ्याकाठाने जाणारी वाट चुकवू नये. मठासाठी नको, वाटेसाठी जा.

व्हाइटला साधा-भोळा गावपंडित समजायचं कारण नाही. नॉर्दॅम्प्टनशरमधल्या मॉर्टन पिंकनी नावाच्या एका चर्चचं उत्पन्न त्याला मिळत असे आणि तिथलं काम दुसरा क्युरेट करत असे. त्या काळच्या पाळकवर्गाची ही सर्रास रीत. बाहेरगावच्या चांगल्या जागाही त्याने नाकारल्या. बग्गीत बसलं की त्याला मळमळायचं, म्हणून लांबच्या प्रवासाची त्याने धास्तीच घेतली होती. घोड्यावर तो हिंडे, पण बहुतेक वेळ चालायचा. कॅप्टन कुक जगप्रदक्षिणा करत होता, बँक्स त्याच्या जहाजावरून वनस्पती गोळा करत होता, त्याच वर्षांत हा गृहस्थ एकाच शिवेत तेच ते पाहत बसला होता.

त्या पाहण्याचा दर्जा एका उदाहरणावरून सांगतो. धान्याच्या शेतात एक इवलासा उंदीर सापडे. आज त्याला हार्वेस्ट माउस म्हणतात. ब्रिटनमध्ये त्याची वेगळी नोंद पहिल्यांदा व्हाइटने केली. त्याने तागडी घेतली. एका पारड्यात दोन उंदीर, दुसऱ्यात तांब्याचं अर्धं पेनीचं नाणं. पारडी बरोबर आली. मग त्याने गव्हाच्या पात्यांचं विणलेलं घरटं हातात घेतलं. क्रिकेटच्या चेंडूएवढं गोल, इतकं घट्ट की मेजावरून घरंगळवलं तरी मोडलं नाही. आत आठ उघडीवाघडी, डोळे न उघडलेली पिलं. आणि दार कुठे? सापडेना. मग आई पिलांना पाजते कशी? त्याचा अंदाज असा की ती दर वेळी निराळ्या ठिकाणी भोक पाडून आत जात असेल आणि काम झालं की ते पुन्हा बुजवत असेल. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या पाळकाला हा प्रश्न पडला, इथेच मला तो आवडतो. वजन, माप, बांधणी आणि शेवटी अडलेली शंका, सगळं एका परिच्छेदात.

त्या काळी वटवट्यांचा एक गट सगळे एकच जात समजत. वसंतात झाडांच्या शेंड्यांत फिरणारा हिरवट-पिवळट, बोटाएवढा पक्षी. व्हाइटने कान दिला तर गाणी तीन निघाली. १७६८ मध्ये त्याने लिहून कळवलं की जाती तीन आहेत. आजच्या नावांनी चिफचॅफ, विलो वॉर्बलर आणि वूड वॉर्बलर. अर्थात नुसत्या कानावर त्याने भिस्त ठेवली नाही. तिन्ही मारून समोर ठेवले आणि पंख मोजले. तेव्हाच्या निसर्गप्रेमात बंदूक होतीच, हे आजच्या वाचकाने गृहीत धरून चालावं.

ही सगळी निरीक्षणं पत्रांत आहेत. ४४ पत्रं टॉमस पेनंट या वेल्श प्राणिशास्त्रज्ञाला आणि ६६ डेन्स बॅरिंग्टन या कायदेपंडिताला. गंमत म्हणजे पेनंटला लिहिलेली पहिली नऊ पत्रं टपालात कधी पडलीच नाहीत. पुस्तकाला गावाची पार्श्वभूमी हवी म्हणून ती मागाहून, पत्राचा आव आणून लिहिली गेली. प्रकाशक होता त्याचाच भाऊ बेंजामिन, लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचा. १७७७ च्या एका पत्रात व्हाइटने गांडुळांची बाजू मांडली. क्षुल्लक वाटणारा हा जीव नाहीसा झाला तर जमीन थंड, कडक आणि नापीक होईल, अशा अर्थाचं. १८८१ मध्ये गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिणाऱ्या चार्ल्स डार्विनने व्हाइट लहानपणी वाचला होता आणि १८५७ मध्ये तो सेल्बर्नला येऊनही गेला होता.

पण या चर्चशी ज्यांचं नातं सगळ्यात घट्ट, त्या पाकोळ्या. आपल्याकडे जुन्या देवळांच्या मंडपात आणि किल्ल्यांच्या दरवाजांत पाकोळ्यांच्या घरट्यांचे पुंजके असतात; ती जात वेगळी, पण गोत एकच. सेल्बर्नची पाकोळी मेमध्ये आफ्रिकेतून येते आणि ऑगस्टमध्ये परत जाते. व्हाइटने तिचं उडणं इतकं न्याहाळलं की तिचं मीलनही हवेतच होतं, असं त्याने ठामपणे लिहिलं. मग त्याने जोड्या मोजल्या. दर वर्षी आठ. त्यातल्या निम्म्या चर्चमध्ये, उरलेल्या गावातल्या सगळ्यात हलक्या, गवताने शाकारलेल्या झोपड्यांत. आठ जोड्यांची पिलं मोठी होतात, मग पुढच्या वर्षी पुन्हा आठच का? वाढ जाते कुठे? हा प्रश्न त्याने विचारला तेव्हा प्राणिसंख्येचं शास्त्र जन्माला यायचं होतं. १९८० च्या दशकात दोन शास्त्रज्ञांनी सेल्बर्नच्या पाकोळ्यांची पुन्हा मोजदाद केली, तर जोड्या बारा भरल्या. दोनशे वर्षांत एवढाच फरक. त्यानंतर मात्र ब्रिटनभर पाकोळ्या झपाट्याने घटल्या. जुनी छपरं दुरुस्त झाली, फटी बुजल्या, किडे कमी झाले. २०२१ मध्ये तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत पाकोळीचं नाव चढलं.

चर्चच्या दारासमोर एक प्रचंड बुंधा आहे. हे सेल्बर्नचं यू. हजार वर्षांहून जुनं मानलं जाणारं. व्हाइटने घेर मोजला तो २३ फूट. १८२३ मध्ये विल्यम कॉबेट घोड्यावरून आला आणि त्यानेही फीत लावली: २३ फूट ८ इंच. २५ जानेवारी १९९० च्या वादळात ते उन्मळून पडलं. मुळांच्या जाळ्यात मध्ययुगापासूनच्या माणसांची हाडं अडकलेली निघाली. गावाने फांद्या छाटल्या, यारीने बुंधा उचलला, पुन्हा खड्ड्यात उभा केला. पालवी फुटली. लोकांना आशा वाटली. दोनेक वर्षांत ते वाळलं.

आता व्हाइटचं पुस्तक उघडा. प्लेस्टरच्या मैदानात पूर्वी एक अफाट ओक होता, भोवती बसायला दगडी कट्टे. थोडक्यात, गावचा पार. १७०३ च्या मोठ्या वादळात तो पडला. व्हिकारने पदरचे पैसे खर्चून तो पुन्हा उभा केला. पालवी फुटली. मग तो वाळला. तो व्हिकार म्हणजे गिल्बर्टचे आजोबा. १९९० मध्ये यारी लावणाऱ्यांना हा परिच्छेद ठाऊक नव्हता असं मानणं कठीण आहे. सेल्बर्नमध्ये तो सगळ्यांना ठाऊक असतो. तरी त्यांनी यारी लावली. त्याच यूच्या फांदीपासून केलेलं रोप आज आवारात वाढतं आहे.

व्हाइटची कबर शोधायला थोडा वेळ लागतो. चर्चच्या उत्तरेला, गवतात, एक गुडघ्याएवढा दगड. त्यावर नावाची दोन आद्याक्षरं आणि तारीख, २६ जून १७९३. बाकी काही नाही.

याच आवारात आणखी एक माणूस पुरलेला आहे आणि व्हाइटच्या भक्तांनी त्याच्याकडेही वळावं असं मला आवर्जून वाटतं. जॉन न्यूलंड, गावात ‘ट्रंपेटर’ म्हणून ओळखला गेलेला. २२ नोव्हेंबर १८३० रोजी सेल्बर्नच्या शेतमजुरांनी शिंग फुंकून गाव गोळा केलं. मजुरी पोट भरण्याइतकी नव्हती. शेतकरी म्हणत, चर्चचा दशमांश कमी करा, म्हणजे मजुरी वाढवू. जमाव व्हिकार कॉबोल्डच्या दारात गेला आणि त्याच्याकडून दशमांश घटवण्याचं कबूल करून घेतलं. मग गावची गरीबखाना-इमारत मोडली, सामान जाळलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या हेडली गावात तेच. पुढे विंचेस्टरला खटले चालले, काहींना ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलं. शिंग वाजवणारा न्यूलंड मात्र वाचला. तो १८६८ मध्ये वारला. व्हाइटच्या पुस्तकात गावच्या गरिबांवर मोजक्याच ओळी आहेत: ते पुष्कळ आहेत, पण कष्टाळू असून चांगल्या घरांत बऱ्यापैकी राहतात, अशा थाटाच्या. त्याच्या मृत्यूला चाळीस वर्षं व्हायच्या आत हे घडलं. पाकोळ्या झोपड्यांत राहतात हे त्याने नेमकं टिपलं. त्या झोपड्यांत आणखी कोण, कसं राहतं, याकडे त्याचं तितकं लक्ष गेलं नाही. तो मला थोर वाटतो, पण हे नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्याचं घर, ‘द वेक्स’, १९५५ पासून संग्रहालय आहे. पुस्तकाचं मूळ हस्तलिखित इथे आहे. बागेत त्याने खोदलेला चर, म्हणजे कुंपण दिसू न देता गुरं अडवण्याची युक्ती, अजून आहे. घरासमोर खाटकाचं दुकान होतं. रक्त आणि घाण दिसू नये म्हणून १७५६ मध्ये त्याने मधे लिंडनची झाडं लावली. टिमथी कासव याच बागेत वावरलं. ससेक्समधल्या आत्याकडचं हे कासव तिच्या मृत्यूनंतर, १७८० मध्ये, व्हाइटने हिवाळी झोपेतून उकरून काढलं आणि ८० मैल बग्गीतून आणलं. त्याचं वजन तो नेमाने करी. कर्ण्यातून त्याला मोठ्याने हाकही मारून पाहिली. कासवाने दखल घेतली नाही. व्हाइटनंतर वर्षभराने ते गेलं. पाठ लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे आणि तिच्या तपासणीतून कळलं की टिमथी मादी होती. घराच्या वरच्या मजल्यावर ओट्स घराण्याचं दालन आहे, कारण घर विकत घ्यायला पैसा दिला तो रॉबर्ट वॉशिंग्टन ओट्स यांनी. त्यात दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये तंबूबाहेर हिमवादळात चालत गेलेला कॅप्टन लॉरेन्स ओट्स येतो. जो गाव सोडायला तयार नव्हता त्याच्या घरात ध्रुवावर गेलेल्याचं सामान! जमून आलं म्हणायचं.

घरामागे झिगझॅग. १७५३ मध्ये गिल्बर्ट आणि त्याचा भाऊ जॉन यांनी टेकडीच्या अंगावर खोदलेली नागमोडी वाट. पाऊस झाला असेल तर खडूची माती साबणासारखी होते, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश किंवा बोस्टल नावाच्या हलक्या चढाच्या वाटेने जावं. वरून चर्चचा मनोरा, घर आणि लिथची दरी एका नजरेत येते.

आसपासचं थोडक्यात. सहा किलोमीटरवर चॉटन. तिथल्या विटांच्या घरात जेन ऑस्टेन १८०९ ते १८१७ राहिली. ऑल्टनहून ऑल्सफर्डपर्यंत वाफेच्या इंजिनाची ‘वॉटरक्रेस लाइन’ धावते, नातवंडं बरोबर असतील तर तीच त्यांच्या लक्षात राहील. दक्षिणेला स्टीप, कवी एडवर्ड टॉमसचं गाव. या तिन्हींवर पुस्तिकेत एकेकच पान आहे, कारण त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मराठी वाचकाला हे सगळं अगदीच परकं वाटायचं कारण नाही. साताऱ्यात जन्मलेला ई. एच. एटकिन हा १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी एक. बंगल्याच्या आवारातले उंदीर, बेडूक, मुंग्या यांच्यावर त्याने लिहिलं ते याच वळणाचं. मारुती चितमपल्ली ज्यांनी वाचलेत त्यांना व्हाइटची सवय लागायला वेळ लागणार नाही. फक्त पहिली नऊ पत्रं ओलांडायचा धीर हवा.

जायचं तर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत जा, म्हणजे संध्याकाळी मनोऱ्याभोवती पाकोळ्या दिसण्याची शक्यता राहते. रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा आत हिंडू नये. आधी यूचा बुंधा, मग खिडकी, मग दोन्ही कबरी, मग लिथची वाट आणि परत येऊन झिगझॅग. वेक्स शेवटी ठेवा. तिथे चहा मिळतो आणि तिकीट काय ते तिथेच लागतं. बाकी सगळं फुकट आहे.